उतारवयातील रक्तदाब : भय नको, हयगयही नको



उतारवयात माणसाला मोठ्या दुखण्यांपेक्षा लहानसहान धास्तीच अधिक छळतात. पहाटे अंथरुणावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री कुशीवर वळताना हृदयाचा एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. वैशाखातल्या उन्हातून आल्यावर घोळणा फुटतो. गावातल्या आरोग्य शिबिरात दंडाला पट्टी बांधली जाते आणि परिचारिका १७० हा आकडा उच्चारते. यांपैकी कोणत्याही एका गोष्टीने घरादाराची झोप उडते. शेजारी धावून येतात, पुण्यामुंबईच्या मुलांना निरोप जातात आणि आठवडाभर त्याच विषयाची चर्चा चालते. पण त्याच घरातल्या त्याच वडीलधाऱ्या माणसाने दोन महिन्यांपूर्वी 'आता बरे वाटते' एवढ्याच कारणावरून रक्तदाबाची गोळी बंद केलेली असते, याची धास्ती मात्र कोणालाच वाटत नाही.

या विसंगतीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. शरीराने दिलेल्या प्रत्येक सूचनेवर माणसाचा विश्वास असतो, आणि शरीराने सूचना दिली नाही म्हणजे सारे क्षेम आहे अशी त्याची समजूत असते. रक्तदाबाच्या बाबतीत ही समजूत दोन्ही बाजूंनी फसवी ठरते. जे जाणवते ते पुष्कळदा निरुपद्रवी असते आणि जे घातक असते ते वर्षानुवर्षे जाणवत नाही. रक्तदाब अंगाला कळत नाही. तो मोजावाच लागतो. एवढे एक वाक्य ज्याच्या मनात पक्के बसले, त्याचे निम्मे भय आणि सारी हयगय दूर होईल.

न बोलणारा विकार

हृदय आकुंचन पावते त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर रक्ताचा जो दाब पडतो, तो वरचा आकडा. हृदय सैलावते त्या क्षणी जो दाब उरतो, तो खालचा आकडा. हा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीवरून, मिलिमीटरमध्ये सांगण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा तीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु माणसाचा दाब असा मोजणे शक्य नव्हते. इटलीतील डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाच्या पट्टीचे उपकरण सिद्ध केले आणि रशियातील डॉ. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्टीखालच्या धमनीचा आवाज ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची रीत दाखवून दिली. म्हणजे माणसाला आपला रक्तदाब सहज मोजता येऊ लागून अवघी सव्वाशे वर्षे होत आहेत. त्यापूर्वी वाढलेला रक्तदाब कळत असे तो बहुधा त्याच्या परिणामांवरूनच.

हा दाब वाढून होते काय, हे गावच्या नळपाणी योजनेचा कारभार पाहणाऱ्या पंचायत सदस्यांना चटकन उमजेल. वाहिनीत पेलण्याजोग्या दाबापेक्षा अधिक दाबाने पाणी सोडत राहिले, तर पहिल्या दिवशी काही होत नाही. घरोघर पाणी जोरात येते, लोक खूश असतात. पुढे कधी तरी सांधे झिजतात, नळ्या कमकुवत होतात आणि एके दिवशी कोठे तरी वाहिनी फुटते. धमन्यांचेही तसेच आहे. वर्षानुवर्षांच्या वाढीव दाबाने त्यांच्या भिंती कठीण व जाड होतात. हृदयाला अधिक जोर लावावा लागून त्याचा स्नायू फुगतो. मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे हळूहळू निकामी होत जातात. आणि मेंदूतली एखादी धमनी बंद पडली किंवा फुटली की अर्धांगवायूचा झटका येतो. हे सारे होत असताना बहुसंख्य माणसांचे डोकेही दुखत नाही.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणावे असा संकेत आहे. येथे एका जुन्या गैरसमजाचा परामर्श घेणे इष्ट ठरेल. वयात शंभर मिळवावेत, तेवढा वरचा आकडा त्या वयाला योग्य, असा हिशेब अनेक घरांत अजूनही सांगितला जातो. सत्तरीच्या माणसाचा दाब १७० असला तर तो वयोमानाप्रमाणेच आहे, असे त्यातून निघते. वाढत्या वयात मोठ्या धमन्यांची लवचिकता कमी होते आणि त्यामुळे वरचा आकडा चढतो, हे खरे. पण केस पिकण्याइतके ते निरुपद्रवी नाही. खालचा आकडा ठीक आहे म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. उतारवयात वरचाच आकडा अधिक अर्थपूर्ण असतो.

राष्ट्राध्यक्षांना न मिळालेली गोळी

औषध नसताना या विकाराचे काय होत असे, याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून या नौदलातील हृदयरोगतज्ज्ञाने तपासणी केली, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. महायुद्ध ऐन भरात होते. जगातील एका अत्यंत सामर्थ्यशाली राष्ट्राचा प्रमुख समोर होता. परंतु विश्रांती, मिठाचे पथ्य, कमी धूम्रपान आणि हृदयाला आधार देणारे एक जुने औषध यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज या गावी, आपले चित्र काढून घेण्यासाठी बसले असता, डोक्यात भयंकर वेदना होत असल्याचे सांगून रूझवेल्ट कोसळले. त्या वेळी त्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा ३०० च्याही पुढे गेला होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. जी गोळी आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शेतमजुराला विनामूल्य मिळते, ती त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांसाठीही उपलब्ध नव्हती.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या नगरात ५,२०९ स्त्रीपुरुषांच्या प्रकृतीचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू झाले. रक्तदाब, धूम्रपान, रक्तातील चरबी यांचा हृदयविकाराशी व अर्धांगवायूशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. वाढलेला दाब हा उतारवयाचा सोबती नसून आजाराचे कारण आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले.

औषधाच्या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. तिच्या मुळाने रक्तदाब उतरतो, असे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील पद्धतशीर अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला, तेव्हा जगभरच्या वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील 'रिसर्पीन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे या औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते असे दिसून आले, अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि सर्पगंधा मागे पडली. म्हणूनच कोणी मुळी आणून दिली, तर ती स्वतःच्या मनाने उगाळून घेऊ नये.

'एवढ्या वयात आता गोळ्या कशाला?' असा प्रश्न अनेक वृद्ध विचारतात. त्याचे उत्तर दोन मोठ्या पाहण्यांनी दिले आहे. साठीच्या पुढील ४,७३६ जणांवरील अमेरिकेतील पाहणीत, केवळ वरचा आकडा वाढलेल्यांनाही औषधाचा लाभ होऊन अर्धांगवायूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐंशीच्या पुढील ३,८४५ वृद्धांवरील, अनेक देशांत झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २००८ मध्ये हाती आला. तीत औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. अर्थात ऐंशीच्या पुढे, विशेषतः प्रकृती तोळामासा असलेल्यांचा दाब किती उतरवावा, हे प्रत्येकाच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. पण उशीर झाला म्हणून उपाय सोडून द्यावा, असे वय नाही.

धास्तीचे प्रसंग आणि त्यांचा अर्थ

आता ज्या लहानसहान प्रसंगांनी घर हवालदिल होते, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला प्रसंग म्हणजे अवचित वाढलेला आकडा. रक्तदाब दिवसभर चढत-उतरत असतो. जिना चढून येणे, चहा, तंबाखू, तुंबलेली लघवी, बोलणे, इतकेच काय, पांढरा डगला समोर दिसणे, यांनीही तो वाढतो. म्हणून एका आकड्यावरून निदान करू नये. वाढलेला आकडा आल्यास स्वस्थ बसावे आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्रास काही नसला, पण वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर पुन्हा पुन्हा येत असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घाईने दाब उतरविण्यासाठी जिभेखाली कॅप्सूल फोडण्याची एक रीत पूर्वी रूढ होती. तिने दाब एकदम कोसळून मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, असा इशारा तज्ज्ञांनी १९९६ मध्येच दिला आहे. ही रीत घरी कोणीही अवलंबू नये.

दुसरा प्रसंग उठताना येणाऱ्या भोवळीचा. लोक याला 'बीपी वाढले' म्हणतात. प्रत्यक्षात उभे राहताच दाब घसरल्यामुळे बहुधा असे होते. वृद्धांत, मधुमेहींत आणि काही औषधे घेणाऱ्यांत हे विशेष आढळते. अंथरुणावरून एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे आणि आधार धरून उभे राहावे. रात्री लघवीस उठणाऱ्यांनी वाटेत दिवा ठेवावा, कारण या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे हे रक्तदाबाइतकेच घातक असते. भोवळ वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगून बसून व उभे राहून असा दोनदा दाब मोजून घ्यावा. औषधाची मात्रा बदलावी लागेल. गोळी परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरा प्रसंग घोळणा फुटण्याचा. कोरडी हवा आणि नाकातली नाजूक त्वचा हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा वेळी मान मागे टाकून झोपू नये. ताठ बसून थोडे पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटे सलग धरून ठेवावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. तेवढ्याने रक्त थांबले नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर दवाखाना गाठावा.

चौथा प्रसंग ठोका चुकण्याचा. अधूनमधून एखादा ठोका लवकर पडतो आणि पुढचा जोरात जाणवतो. निरोगी माणसांतही हे घडते. परंतु धडधड बराच वेळ चालली, नाडी सर्वस्वी अनियमित लागली किंवा घेरी आली, तर हृदयाचा विद्युत् आलेख काढून घेणे आवश्यक आहे. उतारवयातील काही अनियमित ठोके अर्धांगवायूला निमंत्रण देतात व त्यांवर औषध आहे.

पाचवा प्रसंग घोट्यांवरील सुजेचा. रक्तदाबाच्या एका नेहमीच्या गोळीने काही जणांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते. दुसऱ्या एका प्रकारच्या गोळीने कोरडा खोकला लागतो. या तक्रारी सांगितल्या की डॉक्टर औषध बदलून देतात. मात्र सुजेबरोबर धाप लागत असेल किंवा आडवे पडल्यावर श्वास कोंडत असेल, तर विलंब करू नये.

या सर्वांहून वेगळी, एक क्षणही वाया घालवू नये अशी लक्षणे थोडीच आहेत आणि ती घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावीत. तोंड अचानक एका बाजूला वाकडे होणे, एका हातातले किंवा पायातले बळ जाणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे, कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे, छातीवर दडपण येऊन घाम फुटणे, श्वास कोंडणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. झटका केव्हा आला ती वेळ लक्षात ठेवावी, कारण रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णाला पाणी, चहा वा गोळी पाजू नये. पारव्याचे रक्त चोळणे, कांदा हुंगवणे, देवऋषाकडे नेणे यांत हे साडेचार तास निघून जातात आणि मग उरलेले आयुष्य खाटेवर काढण्याची पाळी येते.

मोजण्याची शिस्त

पाऱ्याची उपकरणे आता मागे पडली आहेत. पारा घातक असल्याने आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांच्या निर्मितीसाठी २०२० ही मुदत ठरविण्यात आली होती. त्यांची जागा आकडा दाखविणाऱ्या विद्युत् उपकरणांनी घेतली आहे. घरासाठी घ्यावयाचे ते दंडावर बांधण्याचे घ्यावे. मनगटावरच्या उपकरणाचा भरवसा कमी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम टाळावेत. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे मुकाट्याने बसावे. हात हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा आणि पट्टी उघड्या दंडावर बांधावी. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत. घरी शांतपणे मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या आत असावी, असा दंडक आहे.

दर तासाला मोजत बसणे हेही एक दुखणेच आहे. आकडा वाढतो म्हणून काळजी वाटते आणि काळजीने आकडा वाढतो. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजावे आणि एरवी त्यांनी सांगितले असेल तेवढ्याच वेळा. चार आणे किमतीच्या आठवणीपेक्षा दहा ओळींची नोंदवही डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

मीठ, मिश्री आणि गुडघ्याची गोळी

दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सरासरी ८ ग्रॅम आढळले. आपल्याकडे मीठ भाजी-आमटीइतकेच ताटाच्या डाव्या बाजूने पोटात जाते. लोणचे, पापड, सांडगी मिरची, खारे शेंगदाणे, फरसाण आणि कोकणात खारवलेली सुकी मासळी ही त्याची ठिकाणे. उपासाला चालणारे सैंधव हेही मीठच आहे. ते निरुपद्रवी समजून मुक्तहस्ताने वापरू नये. चीनमधील ६०० गावांत नेहमीच्या मिठातील काही भागाच्या जागी पोटॅशियमचे मीठ वापरून पाहण्यात आले, तेव्हा अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना व काही गोळ्या घेणाऱ्यांना असे मीठ अपाय करते. ते डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

तंबाखू म्हटले की पुरुषांकडे बोट दाखविले जाते; पण अनेक वृद्ध स्त्रिया दिवसातून चार वेळा मिश्री लावतात, याचा घरच्यांना विसर पडतो. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय आणि तिच्यातील निकोटिनही रक्तदाब चढविते. तितकेच दुर्लक्षित राहणारे दुसरे कारण म्हणजे गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. त्यांतील अनेकांनी शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णे व काढे पिशवीत घालून न्यावेत, ते याचसाठी.

गोळीविषयी आणखी थोडे. दाब आटोक्यात आला आहे तो गोळीमुळे, हे ध्यानात ठेवावे. बांध घातल्यामुळे थांबलेले पाणी पाहून बांध फोडण्याचा विचार कोणी शेतकरी करीत नाही. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. ऐन उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांना घाम, उलट्या वा जुलाब यांनी फार अशक्तपणा आला, तर त्वरित सल्ला घ्यावा. मात्रा तात्पुरती कमी करावी लागते. आषाढी वारीला निघणाऱ्या वारकऱ्यांनी पडशीत पुरेशा दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी अवश्य ठेवावी. उपवासाच्या दिवशी सकाळच्या गोळीचे काय करावे, हेही निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

गावाने करावयाचे काम

हा विकार एकेकट्या माणसाच्या निश्चयावर सोपवून भागत नाही. आकडा आटोक्यात राहावयाचा तर औषध घराजवळ, खंड न पडता मिळाले पाहिजे आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी करणारे कोणी तरी पाहिजे. या दिशेने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यात होते. ठरलेली सोपी उपचारपद्धती, औषधांचा पुरेसा साठा, परिचारिका व आरोग्यसेवकांमध्ये वाटून दिलेले काम, घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढीच त्याची सूत्रे. २०२२ मध्ये या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाचा पुरस्कार मिळाला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब तपासणी हा आता राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे आणि आशा स्वयंसेविका त्यासाठी घरोघर नोंदणी करतात. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत.

सोयी असल्या तरी त्या वापरात आणण्याचे काम गावाचे आहे. पंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत तीन प्रश्न दर महिन्याला विचारावेत : उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस पुरतील, उपकरण चालू आहे काय, आणि गेल्या महिन्यात गोळी न्यायला कोण आले नाही? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावनिशीवार आशाताईंच्या वहीत असते, पण ते विचारणारा कोणी नसतो. अर्थात ही नावे चावडीवर वाचून दाखवू नयेत. आजाराची वाच्यता झाली की माणसे दवाखान्यात येणेच सोडतात.

शिक्षकांना तर या कामात हजारो मदतनीस लाभू शकतात. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला आजीच्या गोळीच्या पट्टीवरील नाव व मुदत वाचता येते, दिनदर्शिकेवर रोजची खूण करता येते आणि वहीत दोन आकडे लिहिता येतात. आकडेवारीचा पाठ शिकवावयाला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. कार्यालयप्रमुखांनी निवृत्तीला टेकलेल्या सहकाऱ्यांचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला जाईल, असे पाहावे. दरवर्षी १७ मे हा दिवस जगभर उच्च रक्तदाब दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाचे निमित्त होण्यासारखे आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे, हेही चावडीच्या फलकावर लिहून ठेवावे.

उतारवय म्हणजे सतत कशाची तरी धास्ती, असे असण्याचे कारण नाही. भोवळ आली तर बसावे, घोळणा फुटला तर नाक धरावे, आकडा वाढला तर पुन्हा मोजावे, तोंड वाकडे झाले तर १०८ ला कळवावे. आणि यांपैकी काहीही झाले नाही, प्रकृती अगदी ठणठणीत वाटली, त्या दिवशीही सकाळची गोळी घेऊन दिनदर्शिकेवर खूण करावी.